एकलीचा उतार

जे आता लिहितोय ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. नीलक्कांना सांगायला हवं होतं, त्यांनी तर एकदा तोंड उघडून विचारलंही होतं... पण त्या गेल्या, आणि त्यांच्या जाण्याचा फोन आला तेव्हा मला पहिल्यांदा जे वाटलं ते दुःख नव्हतं. हुमनाबादच्या स्टँडवर राजेश्वर गावाला जाणाऱ्या गाडीची वाट बघत उभा होतो. त्यांच्या भाचीचा फोन. "काका, मावशी गेली हो सकाळी." समोर हायवेवरून लॉऱ्या चालल्या होत्या, मी कान दाबून धरला होता, आणि आतून कुणीतरी म्हणालं, सुटलो. दुःख नंतर आलं, गाडीत बसल्यावर. पण आधी ते आलं. हे आधी लिहून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिताना मला चांगुलपणाचा आव आणता येणार नाही.

या पुरवणीच्या वाचकांपैकी काहींना नीलक्का ठाऊक असतील. हुमनाबादच्या व्यापारी लिंगायत घरातली मुलगी, वडिलांचा तुरीच्या डाळीचा धंदा, स्वतः गुलबर्ग्याला हायस्कुलात विज्ञान शिकवायच्या. लग्न केलं नाही. नोकरी सोडून त्यांनी एक लहानशी संस्था काढली ती चिंचोळीकडच्या डोंगरातल्या गावांसाठी आणि तांड्यांसाठी. आपल्याकडं डोंगर म्हटलं की लोक हसतात. सह्याद्री बघितलेल्या माणसाला ही टेकाडंच वाटणार. पण तिथं राहणाऱ्याला विचारा. वर माती हातभर, खाली जांभा दगड, पाऊस पडला तरी थांबत नाही. दिवाळी झाली की अर्धा तांडा हैदराबादला नाहीतर पुण्याला बांधकामावर. अक्कांचं म्हणणं साधं होतं. डोंगर जे आपणहून देतो, त्याला भाव मिळाला तर माणसं घरी राहतील. सीताफळ, चारोळी, मध, पळसाच्या पत्रावळी. नवीन काही आणायचं नाही, आहे तेच नीट विकायचं.

मला त्यांनी उचललं ते एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसातून. मी तिथं बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, फाडायचो. एक लमाणी बाई चारोळीचं पोतं घेऊन आली होती आणि हमाल तिला उभं करून घेईना. मी तिच्याच बोलीत तिच्याशी बोललो, तिचं पोतं चढवून दिलं. अक्का तिथंच आपल्या टोपल्या पाठवायला आल्या होत्या. बघत होत्या. बाई गेल्यावर म्हणाल्या, "ए, कुठनं शिकलास रे ही बोली?"

"दुकानातनं, अक्का. आमच्या अप्पाचं किराणा दुकान तांड्याच्या वाटेवर व्हतं. खेळायला दुसरं कोण व्हतं मला?"

"मराठी येते, कन्नड येते, हे पण येतं. मग इथं बिल्ट्या कामून फाडायलास?"

"पोटासाठी."

"पोट माझ्याकडं पण भरंल. पगार कमी, चालणं जास्त."

"अन् जेवण?"

"मिळंल तिथं, मिळंल तवा. नीट विचार कर, नंतर माझ्या नावानं बोंबलायचं न्हाई."

मी विचार केला नाही. दुसऱ्या आठवड्यापासून त्यांच्या मागं डोंगर चढायला लागलो. त्या पुढं, छत्री काठीसारखी टेकत. मी मागं, धापा टाकत. "भास्करा, तू माझ्यापेक्षा लहान हायस का मोठा?" असं वळून विचारायच्या आणि स्वतःच हसायच्या.

त्यांची एक पद्धत होती, आणि ती मोडलेली मी कधी बघितली नाही. कुठलंही काम सुरू करण्याआधी तांड्यात किंवा गावात बैठक घ्यायच्या, मधोमध नाही, कडेला जमिनीवर बसायच्या, सगळं सांगून झालं की म्हणायच्या, "नको असेल तर आत्ता म्हणा. नाही म्हणायला लाजू नका, मी रुसत न्हाई." आणि खरंच रुसायच्या नाहीत. एका गावानं मधाच्या पेट्या नको म्हटल्या तर तिथंच भाकरी खाऊन, हसत, पेट्या परत घेऊन आल्या. इतर संस्थांची माणसं कागद दाखवायची, नकाशे दाखवायची. अक्का विचारायच्या. या एका गोष्टीवर त्यांचा सगळा भरवसा होता, की आपण विचारतो आणि माणसं खरं सांगतात. कन्नड, मराठी, दखनी त्यांना घरच्यासारख्या येत, पण लमाणांची गोरमाटी बोली मात्र नाही. हाटातले चार शब्द, एवढंच. तांड्यात त्यांचे कान म्हणजे मी आणि त्यांची जीभही मीच. याचा मला अभिमान होता. फार होता.

वरच्या तांड्याची गोष्ट आता येते. तिथल्या बाया सीताफळं तोडून, टोपल्या डोक्यावर घेऊन खाली रस्त्याला उतरायच्या. फळाचे डोळे उघडले की ते दोन-चार दिवसांत मऊ पडतं, हे बाईला माहीत आणि व्यापाऱ्यालाही माहीत. तो दुपारपर्यंत नुसता बसून राहायचा. संध्याकाळी तो देईल त्या भावात बाई टोपली उतरवून जायची. अक्कांनी ठरवलं, तांड्यातच शेड बांधायची, गर काढायचा, गोठवून शहरात पाठवायचा. वर्षभर खटपट करून त्यांनी बेंगळुरूचे दोन पाहुणे बघायला आणले. मशीन आणि थंड पेटी ते देणार होते. त्यांची अट एवढीच की डोंगरावरच्या सगळ्या उतारांची तोड एका नियमानं, पाळीपाळीनं व्हावी, म्हणजे फळ एकसारखं येईल. आणि रस्त्यालगतचा उतार त्यात हवाच, कारण सगळ्यात मोठं फळ तिथलं आणि गाडी तिथंच येणार.

त्या रस्त्यालगतच्या उताराला तांड्यात एकलीचा उतार म्हणतात.

बैठक दुपारी लिंबाखाली झाली. बाया एका बाजूला, हातभर बांगड्या, कपाळावर ओढण्या. मी गोरमाटीत सगळं समजावलं. अक्कांनी त्यांचं नेहमीचं वाक्य म्हटलं, मी ते बायांना सांगितलं. नको असेल तर आत्ता म्हणा. मग सोनीबाई बोलायला उठली. नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या, घरातली ही म्हातारी, सगळा तांडा तिला याडी म्हणतो, म्हणजे आई. तिला हाटापुरती मोडकी कन्नड येत होती, पण त्या दिवशी ती तिच्या बोलीतच बोलली, कारण बोलणं जपून करायचं होतं. ती काय म्हणाली ते आज पहिल्यांदाच मी पुरतं मराठीत उतरवतोय.

ती म्हणाली, "बाई, तुझं काम चांगलं आहे. आम्ही फळ आणू, गर काढू, शिकू. सगळे उतार घे. एकलीचा घेऊ नकोस. तो आमचाही नाही. जिचा नवरा मेला, जिला टाकून दिली, जिच्या घरात कुणी कमावतं नाही, ती त्या उतारावर आधी जाते. तिची टोपली भरली की मग उरलेलं बाकीच्यांचं. आम्ही तिला काही देत नाही, ती आपणहून घेते. तिथं तू पाळी लावलीस तर तिला आमच्याकडं मागावं लागेल. आणि आमच्यातली कोण कधी एकली होईल, ते कुणाला ठाऊक? तो सोडलास तर आमचं हो. नाहीतर नाही."

बोलणं लांबलं होतं. पाहुण्यांतला एक घड्याळ बघत होता, त्यांची गाडी सुरू करून ठेवली होती. अक्का माझ्याकडं बघत होत्या, भुवया वर करून, परीक्षेचा निकाल ऐकणाऱ्या पोरीसारख्या. आणि त्याच सकाळी येताना, गाडीत, मी पाहुण्यांना आपणहून सांगून बसलो होतो की तांडा माझ्या मुठीत आहे, काही अडणार नाही.

मी म्हणालो, "हो म्हणायल्यात, अक्का. सगळ्याला हो."

एवढंच. मला वाटलं होतं, पाहुणे जाऊ देत, मग मी एकटा येईन, याडीची समजूत काढीन. नाहीतर अक्कांनाच हळूच सांगीन, त्या काहीतरी मार्ग काढतील. खोटं बोलतोय असंही वाटलं नाही त्या क्षणी. थोडं पुढचं आजच बोलतोय, असं वाटलं.

मग अक्कांनी जे केलं ते मी विसरू शकत नाही. त्या उठल्या, सोनीबाईसमोर गेल्या आणि दोन्ही हात जोडले. त्यांच्या मनात, आभार. सोनीबाईच्या मनात, वचन. तिनं आपली अट सांगितली होती आणि ही शिकलेली बाई हात जोडून ती कबूल करत होती. सोनीबाईनं अक्कांचे जोडलेले हात आपल्या दोन्ही हातांत धरले, बांगड्या खणखणल्या, सगळ्या बाया हसल्या. पाहुण्यांनी फोटो काढला. त्या दोघी एकमेकींकडं इतक्या प्रेमानं बघत होत्या... आणि मधे मी उभा होतो, दोघींचंही ऐकलेला एकटा माणूस.

समजूत काढायला मी गेलोच नाही. आज जाऊ, उद्या जाऊ. शेड उभी राहिली, मशीन आलं, मी दुसऱ्या गावांची कामं अंगावर घेत राहिलो. हंगामाच्या तोंडाशी संस्थेनं एकलीच्या उताराला बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं, ढोरं शिरू नयेत म्हणून. पाळ्या ठरल्या. पहिल्याच आठवड्यात जेमलीबाई, नवऱ्यानं टाकलेली, सकाळी टोपली घेऊन उतारावर गेली, आणि तांड्यातल्याच राखणदारानं तिला सांगितलं, आज तुझी पाळी नाही. ती भांडली नाही म्हणतात. टोपली उपडी घालून तिथंच थोडा वेळ बसली, मग घरी गेली.

दुसऱ्या दिवशी शेडवर एकही बाई आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. अक्का स्वतः वर गेल्या, मी बरोबर. बाया ओसरीत बसल्या होत्या, ओढण्या तोंडावर ओढून. कुणी उठलं नाही. कुणी पाणी विचारलं नाही. तांड्यात दारात आलेल्या माणसाला पाणी न विचारणं म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक आहे त्याला ठाऊक आहे. अक्का उन्हात उभ्या. मला म्हणाल्या, "विचार त्यांना, काय झालं म्हणून. माझं काय चुकलं, ते विचार."

मी सोनीबाईला विचारलं. तिनं माझ्याकडं बघितलं. मग तिच्या बोलीत म्हणाली, "तिनं हात जोडले होते. तू होतास तिथं."

"काय म्हणायली?" अक्कांनी विचारलं.

आणि मी म्हणालो, "मन बदललं म्हणायल्यात, अक्का."

पहिल्या वेळी माझ्याकडं घाई होती, पाहुणे होते, बढाई होती. या दुसऱ्या वेळी काहीच नव्हतं. नुसती भीती. उतरताना अक्का एकदाच बोलल्या. "भास्करा, मी कुठं जबरदस्ती केली काय रे त्यांच्यावर?" मी म्हणालो, "न्हाई अक्का." निदान तेवढं तरी खरं होतं.

त्यांनी शेड मोडून खालच्या एका गावात नेली. तिथं ती आजही चांगली चालते. त्या गावच्या बायांनी तिच्यावर पोरींची कॉलेजं केली. संस्था वाढली, मध आला, पत्रावळी आल्या. वरच्या तांड्याला अक्का पुन्हा कधी गेल्या नाहीत. राग नव्हता, जीव दुखावला होता. आणि यात सगळ्यात वाईट हे, की त्यांनी त्यातून धडा काढला. संस्थेत नवी पोरंपोरी आली की त्यांना सांगायच्या, "माणसं हो म्हणतात आणि फिरतात. गरिबीत फिरावं लागतं. त्याचा राग धरू नका. वरच्या तांड्याचं बघा." मी तिथंच बसलेला असायचो. एका वाक्यानं मी त्या बायांना बेइमान करून ठेवलं होतं, आणि इतक्या मायेनं त्यांची बेइमानी माफ होताना ऐकत होतो.

एकलीच्या उताराचं काय झालं तेही सांगतो. कुंपण पुढच्या पावसाळ्यातच कुजून पडलं. पण तोपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. एकदा पाळी लागली म्हणजे तो उतार सगळ्यांचा झाला, आणि सगळ्यांचा झाला म्हणजे जो आधी पोचेल त्याचा. जुनी रीत परत बसली नाही. आता तिथं व्यापाऱ्यांची माणसंच मोटारसायकलवर येऊन कच्ची फळं झोडपतात. जेमलीबाई बांधकामावर हैदराबादला गेली ती तिकडंच राहिली, असं कुणीतरी सांगितलं. माणसांना घरी ठेवायला निघालेल्या संस्थेनं घालवलेली ती बाई. माझ्यामुळं, पण संस्थेच्या नावावर.

अक्का आजारी पडल्या तेव्हा गुलबर्ग्याला दवाखान्यात भेटायला जायचो. शेवटच्या आधीच्या भेटीत दुपारी भाची जेवायला गेली होती. अक्का डोळे मिटून पडलेल्या. मला वाटलं झोपल्यात. एकदम म्हणाल्या, "भास्करा, सोनीबाई त्या दिवशी नेमकं काय म्हणाली होती रे? लिंबाखाली?"

माझ्या हातात मोसंबी होती, मी सोलत राहिलो. "एवढ्या वर्षांनी कुठं आठवतंय, अक्का."

"लई वेळ बोलली होती ती. हो म्हणायला एवढा वेळ लागतो काय?"

मी मोसंबीची फोड सोलून पुढं केली.

"तुला आठवत न्हाई?" डोळे उघडून, थोडं हसून म्हणाल्या, "अप्पाच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या आज्या तुला आठवतात, अन् हे आठवत न्हाई." मग पाणी मागितलं. मी चमच्यानं पाजलं. "असू दे," म्हणाल्या. "मला आपलं वाटायचं, मी कुठंतरी ऐकायला चुकले."

त्यांना कळलं होतं का? मी पुष्कळ विचार केला. कळलं असेल तर त्यांनी मला सांगायची वाट करून दिली आणि मी त्या वाटेनं गेलो नाही. कळलं नसेल तर त्या स्वतःलाच दोष देत गेल्या. दोन्हीतलं कुठलं बरं, मला ठरवता येत नाही. पुढच्या भेटीत त्या कुणाला ओळखत नव्हत्या.

लिंगायत रीतीनं त्यांना बसवून समाधी दिली. कपाळभर विभूती, चेहरा शांत. डोंगरातल्या गावांतून ट्रॅक्टर भरभरून माणसं आली होती. खालच्या गावच्या बाया धाय मोकलून रडल्या. कुणीतरी म्हणालं, "वरच्या तांड्याचं एक माणूस न्हाई बघा. शेवटी तसलेच ते." दुसऱ्यानं मान हलवली. मी त्यांच्या शेजारीच उभा होतो. तोंड उघडलं असतं तर तिथंच, सगळ्यांसमोर, त्यांच्या मातीला साक्ष ठेवून सांगता आलं असतं. मी मूठभर माती टाकली आणि मागं सरलो.

गेल्या महिन्यात भाचीनं ऑफिसच्या मागची अक्कांची खोली आवरायला बोलावलं. खिडकीच्या फळीवर एक स्टीलचं ताट होतं, त्यात सीताफळाच्या बिया वाळत घातलेल्या. खाल्लेल्या प्रत्येक फळाच्या बिया त्या धुऊन ठेवायच्या आणि घाटातून जाताना जीपच्या खिडकीतून उघड्या उतारांवर भिरकावायच्या. "उगवली तर उगवली," म्हणायच्या. भाचीनं विचारलं, "काका, टाकून देऊ?" मी नको म्हणालो. ताट तिथंच आहे. बिया काळ्या, चकचकीत, त्यांच्या बोटांनी एकेक वेगळी केलेल्या. एकाही बीला गर चिकटलेला नाही. संस्थेच्या सोमवारच्या बैठकीला जाताना मी त्या खोलीत डोकावतो.

हे सगळं छापून येईल तेव्हा माझे सोबती वाचतील, नातेवाईक वाचतील, काही जण माझ्याशी बोलणं टाकतील. ते योग्यच होईल. पण मी अजूनही चलाखी करतोय, हे मला कळतंय. वरच्या तांड्यात मराठी पुरवणी येत नाही. जिला हे कळायला हवं तिला वाचता येत नाही. मी कबुलीही अशा भाषेत देतोय जी तिच्यापर्यंत पोचणार नाही.

सोनीबाई अजून आहे. खूप थकली आहे म्हणतात, पण कान शाबूत आहेत. तिच्या दारात जाऊन, पाणी विचारलं नाही तरी उभं राहून, तांड्यातल्या सगळ्या बायांसमोर, तिच्याच बोलीत मला तिला सांगायचं आहे की नीलक्कांनी तुला दिलेलं वचन मोडलं नाही, तुझं बोलणं त्यांच्यापर्यंत गेलंच नव्हतं, ते मी मधेच ठेवून घेतलं. हे मी अजून केलेलं नाही.